डावा दरवाजा आक्काचा

आक्का,

तुझी सीट तुझ्या सिद्धूने पुढे ओढून ठेवली होती, मागे पाहुण्यांचे पाय मावावेत म्हणून. विधीच्या दिवशी त्याने माझ्या गाडीने स्टँडवर चार फेऱ्या मारल्या, लोकांना आणलं, परत सोडलं. सगळे आपापल्या गावी गेल्यावर मी ती सीट पुन्हा मागे सरकवली, तुझे गुडघे डॅशबोर्डला लागणार नाहीत इतकी. सरकवून झाल्यावर लक्षात आलं, हे आता कुणासाठी चाललंय? पण पुन्हा पुढे घ्यायला हात होईना. राहू दिली तशीच.

भंतेजींची वंदना झाल्यावर लोक बोलायला उठले होते. तू कष्टाळू होतीस, नवऱ्याच्या मागे एकटीने पोरगा शिकवलास, विहाराच्या कामाला कधी नाही म्हणाली नाहीस. सगळं खरं. मलाही बोलायला सांगितलं, मी मान हलवून नको म्हटलं. एरवी गप्प न बसणारी मास्तरीणबाई नको म्हणतेय, म्हणजे हिला फारच लागलंय, असं बायका आपसांत म्हणाल्या. त्यांना काय सांगू? मला रडू येत नव्हतं. मला तुझा राग आला होता. आपलं भांडण अर्धवट टाकून तू निघून गेलीस, आणि भांडण तरी कसलं, तर गाडीच्या स्पीकरच्या दोन वायरींचं. हे माइकवर कसं सांगणार?

म्हणून इथे सांगते. सुरुवात तू केलीस, हे आधी कबूल कर.

पाचोडजवळच्या शाळेत मी रोज जिने जाते-येते ती ही जुनी पांढरी गाडी. हिला पुढच्या दोन दरवाजांत कंपनीने बसवलेला एकेक स्पीकर, मागे काहीच नाही. मला सकाळच्या बातम्या ऐकू येत होत्या, माझं भागत होतं. चितेगावचा तुझा टीव्हीचा कारखाना बंद झाल्यापासून तुला मात्र घरात करमत नव्हतं. बावीस वर्षं सकाळी सहाची बस धरलेला माणूस आठ वाजता चहाचा कप घेऊन नुसता ओट्यावर बसला की त्याचं काय होतं, ते मी वरच्या मजल्यावरून पाहत होते. रविवारी मग मीच तुला हाक मारायची. आपण बीड रोडने आडूळपर्यंत जायचो, तिथे चहा घ्यायचो आणि परत मुकुंदवाडीला. काम काहीच नसायचं. तू डाव्या सीटवर, काच खाली, पदर कानामागे खोचलेला.

एका रविवारी तू पेन ड्राइव्ह घेऊन आलीस. आपल्या वडिलांच्या, दादांच्या आवाजाची एकुलती एक कॅसेट तू मला न सांगता कुठल्याशा दुकानातून त्यावर उतरवून घेतली होतीस. जयंतीच्या महिन्यात दादा आपली गायन पार्टी घेऊन गावोगाव बाबासाहेबांची गाणी म्हणत फिरायचे. पाचोडच्या कार्यक्रमात कुणीतरी समोर टेपरेकॉर्डर ठेवून ती कॅसेट भरलेली. गाडीत लावली तसं दादांनी खाकरून घसा साफ केला, ढोलकीवाल्याला म्हणाले, "गौतम, दमानं घे," आणि गाणं सुरू झालं. मला भरून आलं. आवाज कसा आहे याकडे माझं लक्षच नव्हतं. तुझं होतं. ढोलकी अशी वाजत होती की कुणी बिस्किटाचा रिकामा डबा बडवतंय. तू शेवटपर्यंत ऐकलंस, मग दरवाज्याच्या जाळीवर बोट आपटलंस.

"ह्यो दादांचा आवाज नाय, सुमे," तू म्हणालीस. "दादांचा आवाज छातीत लागायचा. ह्ये आतलं कागदाचंय. काढून टाकू."

मोंढा नाक्याजवळच्या दुकानात आपण नवे स्पीकर घेतले. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "आपा, ये तुम्हारे से नक्को होता. गाडी छोड के जाओ, शाम कू ले जाना." तुला 'तुमच्याने होणार नाही' म्हणणं म्हणजे विषय संपला. तू खोका काखेत मारलास आणि त्याला सुनावलंस की दोन दरवाजांत चार वायरी जोडायला गाडी सोडून जाणाऱ्यांतली तू नाहीस. त्याने हसून खोक्यावर दोन जादा क्लिपा ठेवल्या. लागतील म्हणाला. लागल्या.

त्या दिवसाएवढी मजा मला कित्येक वर्षांत आली नव्हती. खालच्या अंगणात गाडी उभी, दोन्ही दरवाजे सताड उघडे, खिडकीतून ओढलेलं एक्सटेन्शन, आणि गल्लीतल्या बायका काही ना काही निमित्त काढून डोकावून जात होत्या. तू वाटणी करून टाकलीस: ज्याची सीट त्याचा दरवाजा. डावा तुझा, स्टेअरिंगकडचा उजवा माझा. दरवाज्याचं आतलं प्लास्टिकचं कव्हर ओढताना माझ्या क्लिपा फटाफट तुटत होत्या आणि तुझी एकही तुटली नाही. "ओढू नको, इचार," असं तू म्हणालीस. क्लिपेला काय विचारायचं ते मला अजून कळलेलं नाही, पण तू खरोखर बोट फिरवत, चाचपत, एकेक सोडवत होतीस. कंपनीचे स्पीकर रिव्हेट ठोकून बसवलेले होते. कोपऱ्यावरच्या ग्रिलवाल्याचं ड्रिल मागून आणून ते काढले. हातात घेतले तर पापडासारखे हलके. याच्यातून दादा गात होते होय, असं म्हणून तू ते दोन्ही बाजूला ठेवलेस, पण टाकले नाहीस.

नवा स्पीकर जाडजूड निघाला. काच खाली येताना त्याच्या पाठीला अडायला लागली. त्याला खालून जाड रिंग हवी होती. तू वर गेलीस आणि माझ्या स्वयंपाकघरातला भाजी कापायचा प्लास्टिकचा बोर्ड घेऊन खाली आलीस. मी नको नको म्हणेपर्यंत त्यावर थाळी ठेवून पेन्सिलीने गोल काढून झाला होता. मी अजून ताटलीत भाजी कापते, आक्का. मग दरवाज्याच्या पत्र्याला आतून चिकटवायच्या त्या काळ्या, जड चिकटपट्ट्या. पत्रा थरथरू नये म्हणून त्या लावतात. दुकानदाराने त्या दाबायला रूळ घ्या म्हटलं होतं, तू लाटणं घेतलंस. "आदी पत्रा गप करायचा," तू म्हणालीस, आणि पोळी लाटावी तशी दरवाज्याच्या पोटात हात घालून लाटत बसलीस. त्या लाटण्याला अजून डांबराचा वास येतो.

आता वायरी. दोन्ही दरवाजांत दोन-दोन, एक साधी आणि एक पट्टीची, म्हणजे अंगावर रेघ असलेली. एक धन, एक ऋण. नव्या स्पीकरला कुठे धन आणि कुठे ऋण ते लिहिलेलं होतं, गाडीच्या वायरींवर काही लिहिलेलं नव्हतं. मी फोनवर या गाडीचं म्हणून एक चित्र शोधलं, त्यात पट्टीची धन दाखवली होती. तुला दाखवलं. तू चष्मा वर करून पाहिलंस आणि म्हणालीस की फोनमधलं चित्र कुठल्या गाडीचं आहे कुणास ठाऊक, आमच्या कारखान्याच्या लाइनवर पट्टीची म्हणजे ऋण, बावीस वर्षं तेच. आणि खाली मान घालून कामाला लागलीस. मी माझ्या बाजूला चित्राप्रमाणे जोडलं. दोघींनाही वाटलं, दुसरी शेवटी आपलंच ऐकेल. आपल्या घरात असंच चालतं. कुणी कुणाला विचारत नाही, आणि मग दोघी मिळून घोटाळा करतात.

तू कथील वितळवून सोल्डर मारलंस. मी वायरी एकमेकींत पिळल्या आणि वरून टेप गुंडाळली. ते पाहून तू कपाळाला हात लावलास. "पोरीची येणी घातल्यावानी काय केलंय?" माझ्या शाळेतल्या पोरी ऐकत्या तर हसल्या असत्या.

कव्हरं बसली, दरवाजे लागले. आपण आत बसलो, काचा वर केल्या, दादांना लावलं. आणि आक्का, ढोलकी गेलीच. पूर्वी निदान डबा तरी होता, आता डबाही नाही. दादांचा आवाज गाडीत कुठेच सापडेना, चारी बाजूंनी येतोय आणि कुठूनच येत नाही असा. तू मान वळवून मागच्या सीटवर पाहिलंस, मग काचेतून बाहेर.

"दादा भायेर उभं ऱ्हाऊन गातेत का?" तू विचारलंस, आणि आपण दोघी पोट धरधरून हसलो. ते हसणं मी जपून ठेवलं आहे. त्यानंतर आपण एकत्र हसलो नाही.

काय झालंय ते दोघींनाही पाच मिनिटांत कळलं होतं. मी विज्ञान शिकवते आणि तू आयुष्यभर हेच केलं होतंस. एका स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या की दोन पडदे एकमेकांच्या विरुद्ध हलतात. एक हवा पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, आणि जाड आवाज दोघांच्या मध्येच जिरून जातो. दादांची कॅसेट एका माइकवर भरलेली, तिचं तर पारच वाटोळं. स्टिरिओचं बटण फिरवून आवाज नुसता डावीकडे नेला की तुझा स्पीकर झकास वाजायचा. ढोलकी अशी की सीट हलावी. "ह्ये बघ, माजा नीट हाय," तू म्हणायचीस. मी बटण उजवीकडे न्यायची, तर माझाही झकास. एकेकटे दोन्ही बरोबर. मध्ये आणलं की दादा गायब.

उपाय सोपा होता. कुणीही एकीने आपल्या वायरी फिरवायच्या. कुणाच्या चुकल्या हे बघायचीसुद्धा गरज नव्हती.

तू म्हणालीस, तुझ्या फिरव. मी म्हटलं, माझ्या का? तुझ्या फिरव. तू म्हणालीस, आधी तुझा दरवाजा उघड. मी म्हटलं, आधी तुझा. चहा झाला, दुपार झाली, जेवणं झाली, तरी तेच. खरं सांगू? मला माझी खात्री नव्हती. फोनवरच्या चित्राचा काय भरवसा, तू म्हणत होतीस ते मला पटलं होतं. म्हणूनच मी एवढा आवाज चढवून बोलत होते. शाळेत ज्या पोराला उत्तर येत नसतं तेच सगळ्यांत मोठ्याने ओरडतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायला नको. तू शांत होतीस. बावीस वर्षांत तुझा एक पीस परत आला नाही, असं तू म्हणालीस. तेवढं म्हणायला नको होतंस. किंवा म्हणालीस ते ठीकच, मी ऐकून घ्यायला हवं होतं.

मी काय बोलले ते तुला माहीत आहे. पण ते एकदा माझ्या हाताने लिहायला हवं. मी म्हटलं, "लाइनवर काम करायला हात लागतात आक्का, डोकं लागत नाही."

तू सोल्डरचं हत्यार पुसलंस, थंड झालंय का ते बोटाने पाहिलंस, त्याच्या डब्यात ठेवलंस, आणि "बरं, मास्तरीणबाई" एवढंच म्हणून आत गेलीस.

दहावीला गणितात तुला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. हे मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण कधी कुणी विचारलं नाही. दादांना छातीचं दुखणं जडलं, गाणं सुटलं, अंथरूण धरलं, आणि घरातून एकीने कामाला जायचं ठरलं. ठरलं म्हणजे काय, तू दुसऱ्या दिवशी बसमध्ये जाऊन बसलीस. मी डी.एड.ला गेले. माझ्या पुस्तकांना तू कव्हरं घालायचीस, कंपनीत सामान यायचं त्या खोक्यांच्या जाड खाकी कागदाची, आणि वर माझं नाव तुझ्या गोल अक्षरात. माझ्या डोक्यात जे काही आहे ते तुझ्या हातांनी भरलेलं आहे. आणि ते डोकं मी तुलाच दाखवलं. एवढी साधी गोष्ट म्हणायला मी तुझ्या मरणाची वाट पाहिली, याची मला लाज वाटते.

पुढचे तीन आठवडे तू गाडीत बसली नाहीस. पहिल्या रविवारी मी खाली येऊन हॉर्न वाजवला. हाक नाही मारली, हॉर्न वाजवला. तू ओट्यावर तांदूळ निवडत होतीस, मान वर केली नाहीस. मी एकटीच आडूळला गेले, चहा घेतला, आले. शाळेला जाता-येता मी आवाजाचं बटण पूर्ण उजवीकडे करून ठेवलं होतं. नुसता माझा स्पीकर वाजायचा. दादा माझ्या उजव्या गुडघ्याशी बसून गायचे आणि डावीकडे सगळं मुकं. पन्नास किलोमीटर जायचे, पन्नास यायचे. चांगला वाजतोय की, असं मी स्वतःला सांगत होते.

तू मात्र भाजीची वाटी पाठवत राहिलीस. बोलायची नाहीस, पण मेथी केली की शेजारच्या काकूंच्या हाती वाटी वर यायची. वाटी रिकामी परत द्यायची नसते, हे आपल्या आईने आपल्याला मारून मुटकून शिकवलेलं. निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची. मी त्या तीन आठवड्यांत एकदा, फक्त एकदा, वाटी घासून रिकामी पाठवली. काकूंनी ती हातात घेऊन माझ्याकडे पाहिलं. तूही पाहिली असशील. तुझी शेवटची वाटी अजून माझ्याकडेच आहे. आता ती कुणाकडे परत द्यायची?

त्या दिवशी पाणी आलं होतं. सहा दिवसांनी आलेलं पाणी. मी शाळेत, पाचवीला चुंबक शिकवत होते. शेजारच्या काकूंचा फोन आला, पाणी भरता भरता तू कोसळलीस म्हणून. मी पोचले तोवर तुला आत नेऊन ठेवलं होतं, अंगणात नळी तशीच वाहत होती आणि कुणालाच ती बंद करायचं सुचलं नव्हतं. मी नळ बंद केला. तेव्हा पाहिलं. माझा निळा ड्रम काठोकाठ भरलेला होता, वर झाकण, झाकणावर वीट. तुझा अर्धा होता.

माझ्याशी बोलत नव्हतीस आणि पाणी आधी माझं भरत होतीस. आक्का, याला काय म्हणायचं ते तू सांगून जायला हवं होतंस. मी तीन दिवस ते पाणी वापरलं नाही. मग वापरलं. न वापरून काय करणार होते?

सिद्धू पुण्याला परत निघाला त्या दिवशी मी त्याला स्टँडवर सोडायला गेले. उतरताना त्याने स्टिरिओकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, ते स्पीकरचं मिटलं का?" मी चमकले. तो म्हणाला, तू त्याला रोज फोनवर सांगत होतीस. सुमी दार उघडत नाय, भलती हट्टी हाय, पर तिला सवताला कळंल, मी काय बोलणार नाय. रोज. म्हणजे ते तीन आठवडे तू माझ्याशी सोडून माझ्याबद्दलच बोलत होतीस. सांगता सांगता सिद्धू हसायला लागला आणि हसता हसता दोन्ही हातांनी तोंड झाकून सीटवर तसाच बसून राहिला. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. जाताना म्हणाला, उघडून बघ आणि मला सांग, शेवटी चूक कुणाची निघाली ते. घरात एवढी एकच गोष्ट अर्धी राहिलीय.

परवा रविवार होता. दुपारी मी गाडी अंगणात घेतली. गल्लीतलं या वेळी कुणी डोकावलं नाही. दुखवट्याच्या घराकडे लोक जपून बघतात.

तू म्हणत होतीस ना, आधी तुझा दरवाजा उघड? उघडला. क्लिपा न तोडता उघडला. बोट फिरवत, चाचपत. एक तुटली. मग स्टिरिओ पुढे ओढून काढला, मागचा प्लग सोडवला. त्याच्या पाठीवरच्या कागदावर कुठली वायर धन, कुठली ऋण, सगळं छापलेलं असतं. हे त्या दिवशी पाहिलं असतं तर... पण त्या दिवशी आपल्याला स्टिरिओ उघडायचा नव्हता, एकमेकींना उघडं पाडायचं होतं. मी घड्याळातला पेन्सिल सेल काढला. दरवर्षी वर्गात करून दाखवते तो प्रयोग. धनाला धन लावलं की स्पीकरचा पडदा पुढे उडी मारतो, उलटं असेल तर आत जातो. सेल टेकवायच्या आधी मी किती वेळ तशीच बसून होते. आयुष्यात पहिल्यांदा माझं उत्तर चुकावं असं मला मनापासून वाटत होतं. माझं चुकलेलं निघालं असतं तर सगळं सोपं होतं. तुझी माफी मागायची आणि मोकळं व्हायचं.

पडदा पुढे आला. पुन्हा लावलं, पुन्हा पुढे. माझं बरोबर होतं.

मग डावीकडे गेले. तुझ्या सीटवर बसून तुझ्या दरवाज्याचं कव्हर काढलं. आत तुझं काम जसंच्या तसं होतं. पट्ट्या लाटण्याने अशा बसवलेल्या की एक सुरकुती नाही. सोल्डरचे दोन थेंब, वाटाण्यासारखे गोल, चकचकीत, त्यांवर प्लास्टिकची बारीक नळी चढवून गरम करून आवळलेली. आणि रिंगच्या कडेला काळ्या मार्करने बरोबरची खूण, तिच्याखाली तुझा लाइनवरचा नंबर. काम तपासून पुढे सोडताना तू बावीस वर्षं जशी टाकत आली होतीस तशी. कुणालाही दिसणार नव्हती, कव्हर लागल्यावर तर कधीच नाही. तरी टाकली होतीस.

सेल लावला. पडदा आत गेला.

मी जिंकले, आक्का. शहाणी ठरले. अंगणात वारा नव्हता, तुझ्या ओट्यावर कुणी नव्हतं, आणि मला ही गोष्ट सांगायला जगात एकच माणूस हवं होतं. मी तुझ्या दरवाज्यात हात ठेवून रडले. तू गेलीस त्या दिवसापासून नव्हते रडले तेवढी रडले.

आता दुरुस्त करायचं तर तुझे दोन थेंब कापायला हवे होते. कटर हातात होता. स्टिरिओमागेही वायरी बदलता आल्या असत्या, ते मला कळत होतं, पण तोवर प्रश्न आवाजाचा राहिला नव्हता. तुझ्या खुणेच्या खाली 'चूक' असं मी लिहायचं का, एवढाच प्रश्न होता. मी तुझं कव्हर लावून टाकलं. एकही क्लिप तुटली नाही.

मग माझ्या बाजूला आले, माझी ती वेणी सोडवली आणि वायरी फिरवल्या. धनाची ऋणाला, ऋणाची धनाला. या वेळी तुझं सोल्डरचं हत्यार आणलं, डब्यातून काढून. माझे थेंब वाटाण्यासारखे झाले नाहीत, ओबडधोबड झाले, बोटही भाजलं. आता आपल्या दोघींच्याही उलट्या आहेत. दोघींच्या उलट्या असल्या की पडदे एकत्र हलतात. स्टिरिओ पुन्हा जागेवर बसवला.

दादांना लावलं. बटण मध्ये आणलं. दादांनी खाकरून घसा साफ केला, बरोबर समोर, आपल्या दोघींच्या सीटच्या मधोमध. "गौतम, दमानं घे." आणि ढोलकीची पहिली थाप माझ्या छातीत लागली. तू म्हणत होतीस तशीच. त्या कागदी स्पीकरपुढे बसूनही हा आवाज तुला आठवत होता, मला नाही. मी तुझ्या सीटकडे पाहिलं. तू मान डोलावली असतीस. आवाज मधोमध येतोय की नाही हे खरं तर दोन्ही सीटवर कुणी असलं तरच नीट कळतं. एकटीला अंदाजाने ठरवावं लागतं.

गाणं चालू असतानाच सिद्धूचा फोन आला. मागची ढोलकी त्याने ऐकली. मग म्हणाला, "झालं? कुणाच्या उलट्या होत्या गं मावशी?"

"माझ्या," मी म्हटलं.

"आई म्हणतच होती," तो म्हणाला. त्याच्या आवाजात किती दिवसांनी जीव आला होता.

"व्हय," मी म्हटलं, "तिचंच बरोबर होतं."

हे एवढं एकच वाक्य मला तुझ्यासमोर म्हणायचं होतं, आक्का. तुझ्या सीटकडे बघून म्हटलं.